मिक्स मालासाठी काढत्या फाळक्यांचा ट्रेलर : सांगली-सातारा पट्ट्यात कसा निवडावा?

कुपवाड_वाहतूक
नमस्कार मंडळी. आमच्या दहा चाकी गाड्या कुपवाड एमआयडीसीतून चालतात. आता ट्रेलर घ्यायचं नक्की झालंय, घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि ट्रेलर दोन्ही नवे. अडचण मालाची आहे. जाताना कुपवाड-मिरजेतलं कास्टिंग आणि मशीनचे पार्ट, पॅलेटवर, शिरवळ आणि चाकणला. मध्येच सांगली मार्केट यार्डातली हळदीची पोती. हंगामात साखर न्हावाशेव्याला. येताना जे मिळेल ते: जालन्याची सळई, पत्रे, खताची पोती, कधी कंटेनर.

नुसता सपाट ट्रेलर घेतला तर पोत्यांना आधार नाही. बंद हौद्याचा घेतला तर हायड्रा (फिरती क्रेन) आणि फोर्कलिफ्ट बाजूने लागत नाहीत, कंटेनरचा तर प्रश्नच नाही. म्हणून ४० फुटी प्लॅटफॉर्म आणि बाजूचे फाळके (कडेच्या पत्र्याच्या भिंती) काढता येतील असा ट्रेलर डोक्यात आहे. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा: फाळका किती उंच ठेवावा, अठरा चाकी की बावीस चाकी, आणि बनवून घेताना कुठे लक्ष ठेवायचं? एका बिल्डरने फक्त एका ओळीत "साइड रिमूव्हेबल" लिहून कोटेशन दिलंय. त्यावर विश्वास ठेवून पैसे भरायची माझी तयारी नाही.

सातारा_बावीसचाकी
दादा, आधी चाकांचं मिटवू. जुलै २०१८ मध्ये एक्सल वजनाच्या मर्यादा वाढल्या. ट्रेलरच्या तीन एक्सलच्या जोडणीला २७ टन, दोन एक्सलच्या जोडणीला २१ टन. ४×२ (दोन एक्सल, मागचा ओढणारा) घोड्यामागे तीन एक्सलचा ट्रेलर म्हणजे अठरा चाकी, एकूण ४५.५ टन. ६×४ (तीन एक्सल, मागचे दोन ओढणारे) घोडा लावला की बावीस चाकी, ५५ टन. तुमच्या यादीत साखर, सळई आणि खत आहे, म्हणजे वजनाचा माल. तो वर्षभर मिळणार असेल तरच बावीस चाकी. हळद आणि पॅलेट हाच मुख्य धंदा असेल तर अठरा चाकी पुरे. डिझेल, टायर आणि टोल रिकाम्या फेरीतही लागतातच.

आता फाळके का काढते हवेत. लोक म्हणतात लोडिंग सोपं होतं. होतं, पण मिक्स मालात खरा फायदा वेगळा आहे. ४० फुटी ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवलेल्या वजनातलं साधारण सत्तर टक्के किंगपिनवरून (ट्रेलर घोड्याला जोडणारी पिन) घोड्यावर येतं. मागच्या अर्ध्या भागातलं जवळजवळ सगळं ट्रेलरच्या एक्सलवर बसतं. कास्टिंग जड आणि जागा कमी घेणारं, त्यामुळे हमाल ते पुढे हेडबोर्डला (प्लॅटफॉर्मच्या पुढच्या भिंतीला) लावून टाकतात आणि मागे हलका माल भरतात. काट्यावर एकूण वजन बरोबर भरतं, घोड्याचा मागचा एक्सल मात्र मर्यादेच्या वर गेलेला असतो. उलट पुढचा माल आधी उतरला आणि मागे पंधरा टन राहिले, तर घोड्याच्या ड्रायव्हिंग चाकांवर वजनच उरत नाही. पावसात चढावर चाक जागेवर फिरतं.

फक्त मागून उघडणाऱ्या गाडीत तुम्ही एका क्रमाला बांधलेले असता: शेवटी भरलं ते आधी उतरणार. बाजूचा कोणताही फाळका एकेकटा निघत असेल तर पहिल्या ठिकाणचा माल मधोमध ठेवा. शिरवळला मधले दोन फाळके काढून तेवढाच माल फोर्कलिफ्टने बाजूने घ्या. पुढे आणि मागे राहिलेला माल एकमेकांना तोलून धरतो, गाडी चाकणपर्यंत सरळ चालते. याच कामासाठी फाळके काढते घ्यायचे. ते जमणार नसेल तर साधा ट्रेलर घ्या आणि पैसे वाचवा.

म्हणून बिल्डरला पहिला प्रश्न हा विचारा: शेजारचा फाळका आणि शेजारचा (फाळके धरणारा) खांब न हलवता मधला एकच फाळका निघतो का? बऱ्याच ठिकाणी नाही निघत. एका टोकापासून क्रमाने काढत यावं लागतं. त्याला "रिमूव्हेबल" म्हणण्यात अर्थ नाही.

मिरज_फॅब्रिकेशन
वरच्या प्रतिसादाला जोड देतो. फाळका निघतो की नाही हे कागदावर नाही, त्याच्या वजनावर ठरतं. हिशोब मांडतो, तुम्हीच बघा.

४० फूट म्हणजे १२.१९ मीटर. एका बाजूला सहा फाळके केले तर एकेक सुमारे २.०३ मीटर लांब. उंची ६०० मिमी. ३ मिमी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. म्हणजे पत्र्याचेच २८-२९ किलो, वर ५० बाय ५० च्या चौकटीचे वीसेक किलो. एकूण पन्नासच्या आसपास. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघे मिळून उचलतात.

आता दुसरं टोक. काही बिल्डर खर्च वाचवायला एका बाजूला चारच फाळके करतात आणि गिऱ्हाईक मागतं म्हणून उंची चार फूट देतात. त्या एका फाळक्याचा नुसता पत्रा ८७ किलो, चौकट आणि मधली पट्टी धरून सव्वाशेच्या वर. तो फाळका दोन माणसं काढणार नाहीत. काढलाच तर परत बसवताना खालच्या खाचेत नेम लागणार नाही, बोटं चेचतील. मग काय होतं? पहिल्या महिन्यात काढतात, नंतर तो कायमचा तिथेच. माझ्याकडे दुरुस्तीला अशा गाड्या येतात, फाळक्यांच्या कड्या गंजून जाम झालेल्या असतात.

आणि हेही धरा की बारा फाळक्यांचे ६०० किलो, खांबांचे आणखी दोनेकशे. म्हणजे ८०० किलो तुम्ही प्रत्येक फेरीला वाहणार. साखरेची सोळा पोती झाली ती. म्हणून विनाकारण उंची घेऊ नका.

कराड_धान्यवाला
माझं मत वेगळं आहे. आम्ही कोंबडीखाद्याचा मका सुटा भरतो. पाच-साडेपाच फुटांचे पक्के फाळके असलेली गाडी कशालाही चालते. सहाशे मिमीच्या फाळक्याने काय अडणार? उद्या सुट्या मालाचं भाडं आलं तर हात हलवत बसाल.

मिरज_फॅब्रिकेशन
काका, तुमच्या मालाला तुमचीच गाडी बरोबर आहे. पण हिशोब बघा. प्लॅटफॉर्मचं आतलं क्षेत्रफळ साडेएकोणतीस चौरस मीटरच्या आसपास. ६०० मिमी फाळक्यात बसतात पावणेअठरा घनमीटर. मका घनमीटरला ७२० किलोच्या आसपास धरला तर तेराही टन होत नाहीत. बावीस चाकीचं पूर्ण वजन भरायला पावणेदोन मीटर उंची लागेल. तेवढ्या उंचीला सुटं धान्य बाजूला जो रेटा देतं तो खाचेत अडकवलेल्या फाळक्यांना सोसत नाही. मध्ये आडव्या साखळ्या घेतल्या तरी पोट फुगतं, फटीतून दाणा गळतो. काढता फाळका आणि सुटं धान्य ही दोन कामं एका गाडीकडून होत नाहीत. कुपवाडच्या दादांच्या यादीत सुटा माल नाही, तेव्हा त्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

हायवे_ड्रायव्हर
मी चालवतो म्हणून सांगतो. फाळका म्हंजे माल धरायचा नसतोय, माल सांडू द्यायचा नसतोय. येवढं मालकांनी ध्यानात ठेवावं. खंबाटकीचा जुना बोगदा सोडून पुण्याकडं निघालं की ते एस वळण लागतंय. तिथं कास्टिंगचं पॅलेट नुसतं फाळक्याच्या भरवशावर उभं असलं तर ते फाळका घेऊन खाली जातंय. पुढं नवा कात्रज बोगदा सोडला की नवले पुलापतुर उतार. तिथं ब्रेक दाबला की सगळा माल पुढं हेडबोर्डवर येतोय. हेडबोर्ड पातळ असला तर माल केबिनमदी.

मला दोन गोष्टी पायजेत. एक, प्लॅटफॉर्मच्या आत पत्र्यात बसवलेल्या रिंगा, दोन्ही कडेला, हर फाळक्यामागं एक तरी. दुसरी, बाहेरच्या चॅनलला (प्लॅटफॉर्मच्या कडेचा लोखंडी पट्टा) खालून हुक. लै गाड्यांना हुक फाळक्यावरच वेल्ड केल्यात. बेल्ट आवळला की फाळका आत वाकतोय, मंग तो खाचेतनं निघतच नाही. बेल्ट चेसिसला गेला पायजे, फाळक्याला न्हाई.

पिन साखळीला बांधलेली असावी. सुटी पिन म्हंजे हरवलेली पिन. मंग माणसं तिथं सळईचा तुकडा घालत्यात, अन् तो खड्ड्यात उडतोय.

सातारा_बावीसचाकी
ड्रायव्हर भाऊंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. युरोपात माल बांधायचं जे गणित वापरतात त्यात पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट रेटा धरतात. दोन टनांचं कास्टिंग वळणावर एक टनाने बाजूला ढकलतंय असं समजून बांधायचं. पन्नास किलोचा फाळका ते कसं रोखणार? शिवाय लोखंडी चेकर्ड प्लेटवर लोखंडी पॅलेट किंवा उघडं कास्टिंग सहज घसरतं. खाली रबरी मॅट किंवा लाकडी फळ्या टाका. फार खर्च नाही, बेल्टवरचा ताण बराच हलका होतो.

कुपवाड_वाहतूक
फार मोलाची माहिती. सहाशे मिमी आणि बाजूला सहा फाळके, हे मनात पक्कं होतंय. दोन शंका. काढलेले फाळके ठेवायचे कुठे? आणि सळई व कंटेनरला हीच गाडी खरंच चालेल का?

सातारा_बावीसचाकी
फाळके ठेवायची जागा हा कोटेशनमधून नेहमी गळणारा मुद्दा. पॅलेट किंवा सळई असेल तर काढलेले फाळके हेडबोर्डला उभे लावता येतात. ४० फुटी कंटेनर आला की वर इंचभर जागा राहत नाही. मग लोक फाळके गोडाऊनला ठेवून जातात आणि न्हावाशेव्याहून येताना पोत्यांचं भाडं मिळालं तर घेता येत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी गाडी घेतली तेच बुडालं. प्लॅटफॉर्मच्या खाली, लँडिंग लेग (घोडा सोडल्यावर ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते पाय) आणि पहिल्या एक्सलच्या मध्ये, दोन्ही बाजूंना सरकता रॅक करून घ्या. साठ मिमी जाडीचे सहा फाळके एकावर एक म्हणजे ३६० मिमी. स्टेपनी आणि टूलबॉक्स त्याच जागेत मागतात, म्हणून ड्रॉइंगवरच तिघांची जागा ठरवा. बाजूचं अंडररन गार्डही (कोणी चाकाखाली जाऊ नये म्हणून लावलेला कठडा) तिथेच येतं आणि ते काढून चालत नाही. नंतर वेल्डिंग करत बसलात तर काही ना काही अडतंच.

कंटेनरला ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे अडकवणारे) खाली दबणारे घ्या, म्हणजे एरवी प्लॅटफॉर्म सपाट राहील. वर आलेल्या लॉकवर फोर्कलिफ्टचं चाक गेलं की दोन्हींचं नुकसान. दोन २० फुटी किंवा एक ४० फुटी यासाठी आठ लॉक लागतात. एकटा २० फुटी जड कंटेनर येणार असेल तर तो मधोमध ठेवायचा, त्यासाठी आणखी चार. हे चार घ्याच, कारण एकटा भरलेला कंटेनर एका टोकाला ठेवला की मी वर सांगितलेलं एक्सलचं दुखणं सुरू.

मिरज_फॅब्रिकेशन
सळईचं मी सांगतो. सळई येते १२ मीटरची, प्लॅटफॉर्म १२.१९. उरतात १९ सेंटीमीटर. त्यात हेडबोर्डची जाडी, मागच्या फाळक्याची जाडी, आणि बंडलची टोकं कधी एका रेषेत नसतात. हेडबोर्ड प्लॅटफॉर्मच्या मापात आत उभा केला की मागचा फाळका बंद होत नाही. तसंच उघडं ठेवून सळई बाहेर काढून चालवायचे दिवस गेले. बाहेर आलेल्या मालाची सूट २०१४ मध्येच काढून घेतली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात माल बॉडीबाहेर असल्यास २०,००० रुपये दंड आहे. ओव्हरलोडला २०,००० आणि वर जादा टनामागे २,०००. पैशापेक्षा मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा विचार करा. म्हणून ऑर्डर देताना "४० फूट" एवढंच लिहू नका. "हेडबोर्डच्या आतल्या कडेपासून मागच्या फाळक्याच्या आतल्या कडेपर्यंत स्वच्छ माप" असं लिहून घ्या.

रुंदीचंही तसंच. गाडीची बाहेरची रुंदी २.६ मीटरच्या वर नेता येत नाही. फाळका ७५ मिमी जाड केला तर आत २.४५ उरतात. १.२ मीटरची दोन पॅलेट शेजारी शेजारी २.४ होतात, पाच सेंटीमीटर मोकळे. फाळका १०० मिमीचा केला की आत बरोब्बर २.४. पॅलेट लाकडी, एखादी फळी थोडी बाहेर आलेली असतेच. मग ते पॅलेट फाळक्याला घासत उतरतं किंवा अडकून बसतं. पन्नास-साठ मिमी जाडी आणि पत्र्याला आडव्या नळ्या पाडून ताकद, हा माझा सल्ला. सपाट जाड पत्र्यापेक्षा नळीचा पातळ पत्रा कमी वाकतो आणि हलकाही होतो.

हळद_अडत_सांगली
मी वाहतुकीतला नाही, माल भरून देणारा आहे. पोत्यांच्या बाजूने दोन शब्द. हळद पाण्याची वैरी. फाळका आणि प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये बोटभर फट असते, तिथून चाकाचं पाणी वर उडतं आणि खालचा थर भिजतो. काढत्या फाळक्यांच्या गाडीत ही तक्रार नेहमीची. फाळक्याच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावून घ्या, आणि ताडपत्री फाळक्याच्या बाहेरून खाली चॅनलच्या हुकापर्यंत आली पाहिजे. आत खोचलेली ताडपत्री पाणी पोत्यांवरच सोडते. शिवाय आतल्या बाजूला कोणतीही कडी, नट, पिनेचं टोक नको. पोतं अडकतं, फाटतं आणि घट कोणाच्या खात्यावर यावर शेवटी वाद होतो. ज्या गाडीत माल कोरडा पोचतो तिला आम्ही भाडं आधी देतो, हे मनापासून सांगतो.

आणखी एक. आमच्या गोडाऊनला ओटा आहे, तिथे मागून चालतं. ज्या अडत्यांकडे ओटा नाही तिथे हमाल फळी लावून चढतात. दोन फाळके काढले की फळी बाजूला लागते, दोन ठिकाणांहून माल चढतो, गाडी लवकर सुटते.

आरटीओ_कामं
पासिंगचं राहून गेलं. ट्रेलरचं आरसी बुक वेगळं असतं. बिल्डरकडे त्या मॉडेलची एआयएस-११३ (ट्रेलरच्या मंजुरीचं मानक) प्रमाणे मंजुरी आहे का ते आधी बघा, आणि मंजुरीतली बॉडी फाळक्यांसकटची आहे का तेही. सपाट ट्रेलर म्हणून पास करून नंतर फाळके बसवले तर तो बदल ठरतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. रिकाम्या गाडीचं वजन फाळके, खांब, रॅक सगळं लावून काट्यावर करा. कागदावर रिकामं वजन कमी दिसलं की तेवढा माल जास्त बसेल असं वाटतं, आणि टोलच्या काट्यावर ते उघडं पडतं. रिफ्लेक्टिव्ह टेप फाळक्यावर लावत असाल तर फाळके काढल्यावर बाजू अंधारात जाते. टेप प्लॅटफॉर्मच्या चॅनलवर हवी. एबीएस आणि मागचं अंडररन गार्ड डिलिव्हरी घेताना स्वतः बघा.

कुपवाड_वाहतूक
सगळ्यांचे मनापासून आभार. बिल्डरला आजच ड्रॉइंग मागितलंय: बाजूला सहा फाळके, ६०० मिमी, जाडी साठच्या आत, प्रत्येक स्वतंत्र निघणारा, खाली दोन्हीकडे रॅक, बारा दबते ट्विस्ट लॉक, आत रिंगा, हुक चॅनलला, आतलं स्वच्छ माप लिहून. साखर आणि सळईचं काम वर्षाचं ठरतंय का ते बोलतोय, त्यावर अठरा की बावीस ते ठरेल. फॅब्रिकेशनवाले दादा, ड्रॉइंग आलं की तुम्हाला दाखवायला मिरजेला येऊ का?

मिरज_फॅब्रिकेशन
या की, कधीही. ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट आत्ताच घालायला सांगा. खांब ज्या खाचांत बसतात त्यांचा तळ बंद ठेवतात, कारण तसं वेल्डिंग सोपं पडतं. त्यात चिखल, खत आणि पाणी साठतं. खत लोखंड किती लवकर खातं ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळा संपेपर्यंत खांब घणानेही निघत नाही. प्रत्येक खाचेचा तळ उघडा ठेवा, खाली फक्त खांब टेकायला एक आडवी पट्टी. आणि डिलिव्हरीला जाल तेव्हा तुमचा ड्रायव्हर आणि क्लीनर सोबत न्या. बिल्डरच्या माणसांना हात लावू देऊ नका. तुमच्या दोघांनी मधला एक फाळका काढायचा, खालच्या रॅकमध्ये सरकवायचा, परत बसवायचा. कुठे अडतंय ते तिथेच कळेल आणि तिथेच दुरुस्त होईल.